द्विनाकाठी मावशीबरोबर: सुखोनापासून श्वेत समुद्रापर्यंत

रशियातली उत्तर द्विना नदी 744 किलोमीटर लांब आहे आणि तिला मिळणाऱ्या दोन नद्या तिच्यापेक्षा लांब आहेत. विचेग्दा 1130 किलोमीटर, पिनेगा 779. हे वाचलं तेव्हापासून आमच्या मावशीला चैन नव्हती. उभी हयात तिने शाळेत भूगोल शिकवला, आणि नदी म्हटली की आधी उगम, मग उपनद्या, मग मुख, हा तिचा क्रम ठरलेला. इथे क्रमच लागत नव्हता. द्विनाला उगमाचं कुंड नाही, झरा नाही, डोंगर नाही. सुखोना आणि यूग एकत्र येतात तिथे ‘लहान उत्तर द्विना’ सुरू होते. ती सुमारे सत्तर किलोमीटर वाहते, मग पूर्वेकडून विचेग्दा येऊन मिळते आणि तिथून पुढे नकाशावर ‘लहान’ हा शब्द गळतो. “अगं, हे पाहिल्याशिवाय मला झोप नाही यायची,” असं ती म्हणाली आणि जून महिन्यात आम्ही दोघी रशियात पोचलो.

व्होलोग्दा

मॉस्कोहून रात्रीच्या गाडीने सकाळी व्होलोग्दा. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली. तयारीबद्दल मात्र सांगते. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. आपली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डं तिथे कुठेच चालत नाहीत, त्यामुळे सगळे पैसे रोख न्यावे लागतात. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या आणि मॉस्कोतच बऱ्यापैकी रूबल करून घ्या. मोबाइलचं इंटरनेट आमच्या वाटेवर बरेचदा बंद असायचं. नकाशा आणि भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

व्होलोग्दा लेससाठी प्रसिद्ध आहे आणि लोण्यासाठी. लोणी आम्ही हॉटेलच्या न्याहारीतच खाल्लं, राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर. त्याला किंचित अक्रोडासारखा वास येतो, कारण साय आधी चांगली कडक तापवून मग लोणी काढतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात निकोलाय वेरेश्चागिन यांनी बसवली. चित्रकार वेरेश्चागिन यांचे हे थोरले भाऊ. मावशीने तीन पाव संपवले आणि वेटरला मराठीतून “छान हो” म्हणाली.

पण आम्ही आलो होतो सुखोनासाठी. ती शहराच्या उत्तरेला कुबेन्स्कोये सरोवरातून निघते, 558 किलोमीटर वाहते आणि तिचा वरचा भाग वसंतात उलटा वाहतो! कारण साधं आहे. सरोवराजवळची जमीन इतकी सपाट की नदीला उतार जवळजवळ नाहीच. बर्फ वितळलं की लेझा आणि व्होलोग्दा या तिच्या उपनद्या भरभरून येतात. त्या पाण्याला पुढे जायला वेळ लागतो, म्हणून ते मागे सरोवराकडे वळतं. जूनमध्ये अर्थात ती मुकाट्याने सुलट वाहत होती. याच सरोवरातून 1828 साली एक कालवा शेक्स्ना नदीला जोडला गेला. शेक्स्ना व्होल्गाला मिळते, म्हणजे उत्तरेच्या समुद्राकडे जाणारं पाणी आणि कॅस्पियनकडे जाणारं पाणी नावेने एकमेकांत जाता येईल इतकं जवळ आणलं गेलं. मावशीने हे वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

तोत्मा

दुसऱ्या दिवशी बसने तोत्मा. दोनशेहून अधिक किलोमीटर, दोन्ही बाजूंना बर्च आणि देवदारासारखी सूचिपर्णी झाडं, मध्येच एखादं लाकडी गाव आणि परत जंगल. बसच्या खिडकीतून हे किती वेळ बघणार? मी झोपले. मावशी जागी होती. तिने प्रत्येक पुलावरच्या पाटीवरून नदीचं नाव वाचलं. रशियन लिपी ती निघण्याआधी शिकली होती, आणि मला येत नाही याबद्दल टोमणा मारायची एकही संधी तिने सोडली नाही.

तोत्मा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरी गावाच्या चिन्हावर काळा कोल्हा आहे, आणि काळे कोल्हे इथे नव्हते, ते पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर होते. अठराव्या शतकात इथले व्यापारी फरसाठी सायबेरिया ओलांडून अल्यूशियन बेटांपर्यंत जहाजं घेऊन गेले. कॅलिफोर्नियातला फोर्ट रॉस हा रशियन किल्ला 1812 साली ज्याने वसवला तो इवान कुस्कोव इथलाच. आलेला पैसा त्यांनी चर्चमध्ये ओतला. इथली चर्चं उंच, अरुंद, पांढरी आहेत, आणि भिंतींवर विटांतूनच घडवलेल्या वेलबुट्टीच्या चौकटी आहेत. लांबून पाहिलं तर शिडाची जहाजं गावात येऊन थांबली आहेत असं वाटतं. त्यातल्या एका चर्चमध्ये आता दर्यावर्दींचं संग्रहालय आहे.

आम्ही एका आजींच्या घरी उतरलो होतो. संध्याकाळी त्यांनी शांगी केल्या. रायच्या पिठाची पातळ पोळी, तिच्या कडा बोटांनी चिमटून उचलायच्या, मध्ये कुस्करलेला बटाटा आणि वरून स्मेताना म्हणजे आंबट घट्ट साय चोपडून भट्टीत टाकायची. मावशी शाकाहारी, त्यामुळे तिचं या प्रवासात काय होणार ही मला धास्ती होती. शांगींनी ती मिटवली. आजींनी तिला कडा चिमटायला बसवलं, मावशीने मोदकाच्या सवयीने बारीक कळ्या पाडल्या, आणि आजींनी त्या बघून शेजारणीला हाक मारली. भाषेचा प्रश्नच आला नाही.

त्या रात्री अंधार झालाच नाही. बारा वाजता खिडकीत पेपर वाचता येईल इतका उजेड. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. आणि डासांचं मलम, तेही तिथलंच विकत घ्या. आपल्याकडून नेलेली ट्यूब तिथल्या डासांनी मनावरच घेतली नाही.

ओपोकी आणि वेलिकी उस्त्युग

तोत्माहून उस्त्युगची बस सुखोनाच्या कडेकडेने जाते, पण नदी फारशी दिसत नाही. म्हणून उस्त्युगला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी गाडी ठरवून ओपोकीला मागे गेलो. तिथे नदी एकदम अरुंद होते आणि दोन्ही काठ भिंतींसारखे वर जातात. लाल, पांढरट, हिरवट, परत लाल, असे थर आडवे एकावर एक. हे पर्मियन काळातले मातकट चुनखडीचे खडक आहेत, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचे. खाली पाणी दगडांवरून फेसाळत जातं. 1940च्या दशकात कैद्यांना राबवून इथे बांध घालायला घेतला होता. तो पुरा झालाच नाही. नदीने आणि बर्फाने त्याची वाट लावली, आणि आता काठाशी दगड भरलेल्या लाकडी चौकटींचे अवशेष उरले आहेत. ड्रायव्हरने ते दाखवले, एक सिगारेट ओढली आणि काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

वेलिकी उस्त्युगला रशियन लोक ओळखतात ते देद मोरोज, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यातल्या भेटवस्तू देणाऱ्या आजोबांचं गाव म्हणून. लहान मुलं बरोबर असतील तर डिसेंबरमध्ये जा. उन्हाळ्यात नदीकाठचा रस्ताच बघायचा. पांढऱ्या चर्चांची रांग, जुन्या व्यापाऱ्यांची घरं, आणि देझन्योवचा पुतळा. आशिया आणि अमेरिका यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून 1648 साली, बेरिंगच्या ऐंशी वर्षं आधी गेलेला हा माणूस. त्याचं जन्मगाव आपलंच, असा उस्त्युगचा दावा आहे. पिनेगावाल्यांचाही आहे.

इथल्या चांदीवरच्या काळ्या नक्षीचं काम जवळून पाहायला मिळालं. कारागीर बाई सुईसारख्या छिन्नीने चांदीच्या चमच्यावर चर कोरत होत्या. त्यात चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचा काळा भुगा भरतात, भट्टीत वितळवतात आणि मग वरचं सगळं घासून काढतात. काळं फक्त कोरलेल्या चरात उरतं. मावशीने एक लहान चमचा घेतला. किंमत इथे सांगत नाही, कारण काकांना अजून सांगितलेली नाही.

संध्याकाळी काठावरच्या बाकावर एक आजोबा भेटले, नदीवरच्या टगबोटींवर नोकरी केलेले. पुराचा विषय मावशीनेच काढला. त्यांनी फोनवर बोलून भाषांतर करून सांगितलं ते असं. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणजे वरचं बर्फ आधी फुटतं आणि खालचं अजून घट्ट असतं. वरून येणारे बर्फाचे तुकडे खालच्या अखंड बर्फावर येऊन अडतात, एकमेकांवर चढतात, आणि बांध तयार होतो. पाणी मागे तुंबतं आणि गावात शिरतं. उस्त्युगच्या जरा खाली दोन नद्यांचा संगम, त्यामुळे ते नेमकं इथेच अडतं. 1998 साली असं झालं, 2016 साली परत. आता दर वसंतात बर्फ आधीच यंत्राने कापून ठेवतात आणि त्यावर काळी पूड टाकतात, म्हणजे ऊन शोषून ते लवकर विरघळतं. आजोबांनी आपल्या छातीशी हात धरून दाखवला. इतकं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात होतं.

“माझ्या पुस्तकात हे दोन ओळीत होतं,” मावशी परत येताना म्हणाली. “मी पोरांना दोन ओळीतच सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी ग्लेदेनला गेलो. गावाबाहेर टेकाडावर जुना मठ आहे, आत सोन्याचा मुलामा दिलेली अठराव्या शतकातली लाकडी कोरीव भिंत आहे. ती चुकवू नका. पण मावशीला टेकाडावरून दिसणाऱ्या पाण्याशी कर्तव्य. दक्षिणेकडून यूग येते, 574 किलोमीटर वाहून, उथळ आणि वाळूची. पश्चिमेकडून सुखोना. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात तसं इथे नाही. दोघी कुरणांमधून आळसात येतात, आणि नेमक्या कुठल्या क्षणी एक झाल्या ते काठावरून ठरवता येत नाही. मावशीने तिथे नमस्कार केला. मग वही काढली.

कोत्लास आणि सोल्विचेगोद्स्क

उस्त्युगहून कोत्लास बसने दीड-दोन तासांत. शहर रेल्वेचं, कोळशाचं, लाकडाचं. स्टालिनच्या काळात उत्तरेच्या छावण्यांकडे जाणारी माणसं इथून पुढे पाठवली जात. पर्यटनासाठी कोणी येत नाही, आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने आम्हाला दोनदा विचारलं, की नक्की इथेच यायचं होतं ना.

नक्कीच. विचेग्दा इथे मिळते. ती मिळते म्हणजे काय होतं ते काठावर उभं राहिल्यावर कळतं. लहान द्विना रुंद आहे, पण विचेग्दा आणखी रुंद, वाळूच्या पांढऱ्या बेटांनी भरलेली, आणि पाणीही तीच जास्त आणते. न्याय असता तर पुढच्या सगळ्या नदीला तिचं नाव असतं. पण जुन्या काळी व्यापार उस्त्युगकडून खाली यायचा, आणि नावं बहुधा व्यापारी ठेवतात. मावशीचं हे मत आहे, मी फक्त लिहिते आहे.

सोल्विचेगोद्स्कला जायला विचेग्दा ओलांडावी लागते. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरून रस्ता, आणि मधल्या दिवसांत थांबा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या आणि परतीची शेवटची फेरी आधी विचारा, जाण्याची नंतर. आमच्या फेरीवर दोन मोटारी, एक गवताचा ट्रॅक्टर आणि कागद कारखान्यातून घरी निघालेले चार-पाच कामगार. वाटेत ढग आले आणि दहा मिनिटं असा गार पाऊस झोडपून गेला की जूनचा विश्वास बसेना. ट्रॅक्टरवाल्याने मावशीला आपल्या केबिनमध्ये बसवलं आणि मला नाही.

गाव लहान, पण मधोमध प्रचंड दगडी कॅथेड्रल. इथल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून स्त्रोगानोव घराणं गब्बर झालं. सायबेरियावर चालून गेलेल्या येर्माकला त्यांचंच पाठबळ होतं. कॅथेड्रलचं काम 1560 ते 1584 चाललं. भिंती इतक्या जाड की बाहेर ऊन असताना आत स्वेटर घालावा लागला. याच गावात स्टालिनला झारच्या काळात हद्दपार करून ठेवलं होतं. एकाच गल्लीत मिठाचे सावकार आणि स्टालिन, असा इतिहास मी कुठे पाहिला नव्हता.

कोत्लासजवळच्या सोकोल्कीला 1899 साली भूवैज्ञानिक अमालित्स्की यांनी खोदायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू खडकांत मिळतात तसे जीवाश्म या पर्मियन खडकांतही मिळतील असा त्यांचा कयास होता. मिळाले, आणि मालगाडीच्या वाघिणी भरभरून मिळाले. नदीवरून द्विनोसॉरस आणि द्विनिया, शहरावरून कोत्लासिया, अशी नावं प्राण्यांना पडली. त्यांतला सगळ्यात भयंकर म्हणजे लांब सुळ्यांचा शिकारी इनोस्त्रान्सेविया. अलीकडे 2023 साली त्याची एक जात खुद्द दक्षिण आफ्रिकेतून जाहीर झाली, म्हणजे अमालित्स्कींचा कयास सव्वाशे वर्षांनी उलट दिशेनेही खरा ठरला.

रेल्वे, आणि वागा

कोत्लासहून अर्खांगेल्स्कला नदी सरळ उत्तर-पश्चिमेला जाते. रेल्वे जात नाही. ती आधी पश्चिमेला कोनोशापर्यंत जाते आणि तिथून उत्तरेला वळते. वाटेत वेल्स्कच्या आसपास वागा ओलांडली, 575 किलोमीटरची आणखी एक उपनदी. पुलावर मावशीने मला हलवून उठवलं. रात्रीचे अकरा वाजले होते आणि उजेड होता. बाकी कोनोशाला गाडी बदलण्याचा कंटाळा, आणि डब्यातल्या समोवारचा चहा. प्लॅटफॉर्मवर बायका खारवलेले मासे विकतात, त्याचा वास सकाळपर्यंत डब्यात राहतो.

अर्खांगेल्स्क

शहर इवान द टेरिबलच्या हुकमाने 1584च्या सुमाराला वसलं. त्याआधी 1553 साली रिचर्ड चान्सलर हा इंग्रज कप्तान चीनचा उत्तरेकडचा रस्ता शोधता शोधता द्विनाच्या मुखाशी येऊन लागला आणि तिथून मॉस्कोला गेला. पुढे दीडशे वर्षं रशियाचा समुद्रमार्गे व्यापार बराचसा इथूनच झाला, झार पीटरने पीटर्सबर्ग वसवेपर्यंत.

पहिल्याच संध्याकाळी काठावर चक्कर मारली. लोक वाळूत पडून ऊन खात होते, रात्री दहाला. पाणी चहाच्या रंगाचं, कारण वरच्या सगळ्या दलदलींतून ते पीटचा, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या थरांचा रंग घेऊन येतं. आणि ते चढत होतं. श्वेत समुद्राची भरती शहरापर्यंत येते. त्यातही एक गंमत आहे. इथे पाणी चढता चढता मध्येच थांबतं, कधी जरा उतरतं, आणि मग परत चढू लागतं. याला ‘मानिखा’ म्हणतात. भरतीची लाट त्रिभुज प्रदेशातल्या उथळ पाण्यात बिघडते, म्हणून असं होतं. मावशी घड्याळ घेऊन एका पायरीकडे बघत बसली. मी जवळच्या दुकानातून कोजुली आणल्या, म्हणजे मसाल्याच्या बिस्किटांवर साखरेचे रंगीत हरणं-कोंबडे. वाट बघायला बऱ्या.

सकाळी बोटीने केगो बेटावर. त्रिभुज प्रदेशात नदीच्या इतक्या शाखा होतात की शहराचे काही भाग बेटांवरच आहेत, आणि तिथे जायची सोय म्हणजे ही बोट. आमच्यासोबत पिशव्या घेतलेल्या बायका, सायकलवाले, एक मांजर टोपलीत. शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं, नोव्हेंबर आला की टगबोट बर्फ फोडत लोकांना नेते. मग बर्फ जाड झालं की लोक चालत जातात. आणि मधोमध जहाजांसाठी बर्फफोड्यांनी मोकळी ठेवलेली वाट असते, ती ओलांडायची असते. “कशी?” असं मी विचारलं. त्यांनी दोन्ही हात आडवे धरून फळी दाखवली. बेटावर लाकडी घरं, लाकडी पदपथ, एक शाळा. दुकानात मावशीने मोरोश्का या नारिंगी बेरीच्या मुरंब्याची बरणी घेतली. मी बोटीच्या धक्क्यावरच्या टपरीत तळलेला कॉड मासा खाल्ला. अर्खांगेल्स्कच्या लोकांना बाकीचे रशियन ‘कॉडखाऊ’ म्हणतात. खाल्ल्यावर पटतं.

पश्चिमेला सेवेरोद्विन्स्क शहर आहे, पण तिथे परवान्याशिवाय परदेशी माणसाला जाता येत नाही, प्रयत्नही करू नका. आपल्या नौदलाचं आयएनएस विक्रमादित्य तिथेच नव्याने बांधलं गेलं आणि 16 नोव्हेंबर 2013ला तिथेच भारताच्या ताब्यात आलं. आता ते कारवारला असतं. टॅक्सीवाल्याला हे माहीत होतं. “इंडिया, विक्रमादित्य!” म्हणून त्याने भाडं दहा टक्के कमी केलं.

शहराबाहेरचं मालिये कोरेली हे लाकडी घरांचं खुलं संग्रहालय इथली सगळ्यात चांगली जागा. त्याची मांडणी नद्यांप्रमाणे आहे. द्विनाचा भाग वेगळा, पिनेगाचा वेगळा, मेझेनचा वेगळा, कार्गोपोल-ओनेगाचा वेगळा. उत्तरेत माणसाचं गाव विचारलं तर आधी नदी सांगतात, त्यामुळे हेच बरोबर. पूर्ण दिवस ठेवा, पायात चांगले बूट घाला, आणि वर्शिना गावातून आणलेलं 1672चं चर्च आतूनही बघा. खिळ्यांचा वापर जेमतेम, सगळं कुऱ्हाडीच्या खाचांवर.

शेवटच्या दिवशी खोल्मोगोरी. नदी तिथे बेटांमध्ये विखुरते, आणि एका बेटावर लोमोनोसोवचं गाव आहे. रशियातला पहिला मोठा शास्त्रज्ञ, 1711 साली कोळ्याच्या घरी जन्मलेला. डिसेंबर 1730मध्ये माशांच्या गाड्यांबरोबर शिकायला मॉस्कोला गेला. गावात हाडांवर कोरीव काम चालतं. पूर्वी वॉलरसचे आणि मॅमथचे सुळे वापरत, आता बरेचदा गाईचं हाड. कारागिराने मावशीला हातात दिलेली डबी जाळीदार होती आणि तिच्यावर द्विनाकाठचं गाव कोरलं होतं, घरं, बोटी, एक कुत्रासुद्धा.

मॉस्को

परतीच्या विमानाला एक दिवस मोकळा होता. कोन्कोवो मेट्रोजवळच्या पॅलिऑन्टॉलॉजी संग्रहालयात गेलो, कारण सोकोल्कीचे सांगाडे इथे आहेत. पाठीवर गाठी असलेले, म्हशीएवढे स्क्युटोसॉरस रांगेत उभे आहेत, आणि त्यांच्या समोर लांब सुळ्यांचा इनोस्त्रान्सेविया. मावशी पाटीवरची रशियन अक्षरं मोठ्याने जुळवत होती, “से-वेर-ना-या द्वि-ना,” आणि तिच्यामागून आलेल्या शाळेच्या मुलांनी ते कोरसमध्ये म्हटलं. तिने वळून त्यांना, मराठीतून, नीट ओळीत उभं राहायला सांगितलं. राहिली.